मदत हवी आहे: प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्यांची निगा शिकायची आहे, बेळगावात राहून सुरुवात कुठून करू?

नंदगडची_पोर:

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. प्राणीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, सध्या घरीच. सकाळ-संध्याकाळ म्हशी, मधल्या वेळात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. व्हेटर्नरीला नंबर लागला नाही आणि आता त्या वाटेला जाणंही होणार नाही.

2025 च्या नोव्हेंबरात बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालयात तीसेक काळवीट घटसर्पानं दगावले, ती बातमी इथल्या सगळ्यांनी वाचली असेल. पप्पा पेपर खाली ठेवून म्हणाले, "आपण म्हशींना पावसाळ्याआधी लस टोचून घेतो, तशी हरणांना टोचत नाहीत काय?" मला काही सांगता येईना. बेडकाची पचनसंस्था अजून तोंडपाठ आहे, पण जिवंत जनावर कुंपणात नीट कसं ठेवायचं याचं एक अक्षर कुणी शिकवलं नाही.

दुसरी गोष्ट. एका झूमध्ये (नाव नको) बिबट्या बघितला. जाळीच्या कडेनं जायचा, त्याच कोपऱ्यावर मान वळवायची, परत. इतका की पायाखालचं गवत जाऊन मातीचा पट्टा पडलेला. राखणदार म्हणाला, खायची वेळ झाली म्हणून फिरतंय. खरंच तेवढंच असतं का? आणि हे ओळखायला शिकायचं कुठे? पुण्या-मुंबईला राहून शिकण्याएवढे पैसे नाहीत. इंग्रजी वाचते, कन्नड बोलण्यापुरतं येतं.

गुरांचा_डॉक्टर (निवृत्त):

पोरी, तुझ्या पप्पांनी नेमकं विचारलंय.

घटसर्पाचे जंतू धडधाकट जनावराच्या घशातही गुपचूप असू शकतात. हवा पालटली, प्रवास झाला, ताण आला की उसळतात. ताप, घशाला सूज, घरघर, आणि पुष्कळदा रात्रीत खेळ खलास. म्हशीला दाव्याला धरून सुई मारता येते. काळविटाला धरायला गेलीस तर ते उधळतं, जाळीवर आपटतं. त्यातून वाचलं तरी भीती आणि धावपळीनं स्नायू निकामी होऊन काही दिवसांनी मरू शकतं. याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. म्हणजे लस द्यायची की नाही हे ठरवताना धरण्याचा धोकाही तोलावा लागतो. भुतरामहट्टीला आत काय झालं यावर मी बोलणार नाही, मी तिथं नव्हतो.

यावर उपाय नाही असं मात्र नाही. निमुळत्या होत जाणाऱ्या कुंपणात रोज चारा टाकून कळपाला आत यायची सवय लावायची, त्याला बोमा म्हणतात. मग गरजेच्या दिवशी पळापळ होत नाही. नवं जनावर आलं की आधी वेगळं ठेवायचं. गावातली गुरं कुंपणाला तोंड लावणार नाहीत असं बघायचं आणि त्या गुरांनाही लस टोचायची. एक जरी मेलं तरी त्याच दिवशी शवविच्छेदन. कळपात पहिलं मरण हीच सूचना असते, दुसऱ्याची वाट बघत बसलं की उशीर झालाच.

म्हैसूर_रिटर्न:

ताई, मी चिकोडीकडचा. म्हैसूरला काही वर्षं झूमध्ये कीपरच्या हाताखाली काम केलंय.

राखणदार अगदीच चुकीचं बोलला नाही. खायच्या वेळेआधी जनावर फिरतंच. पण दिवसभर तेच, पट्टा पडण्याएवढं, म्हणजे दुखणं आहे. एकदा बघून सांगायचं नसतं ओ. वही घ्या, एका ठिकाणी बसा, दर पाच मिनिटांनी त्या घटकेला ते काय करतंय तेवढंच लिहा: झोपलंय, चाटतंय, फिरतंय, दिसत नाही. वेगवेगळ्या वेळांना, खाणं दिल्याआधी आणि नंतर. हे तिकीट काढून आत गेलेल्या कुणालाही करता येतंय. 2003 साली नेचर या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला होता, जंगलात ज्यांचा वावर लांबवर असतो असे मांसाहारी प्राणी पिंजऱ्यात जास्त येरझाऱ्या घालतात असा. नुसता पिंजरा झाडून भागत नाही ते त्यामुळे.

मग काय करायचं? मांस थाळीत टाकायच्या ऐवजी ओंडक्याला उंच टांगायचं, ओढून काढायला त्याला वेळ लागू दे. चितळाच्या लेंड्या आणून कोपऱ्यात टाकल्या की बिबट्या किती वेळ हुंगत बसतंय बघा. लपायला आडोसा पाहिजेच, लोकांना दिसलं नाही तरी चालेल (हे वरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड!). काठीच्या टोकाला चेंडू लावून, नाक लावलं की मांसाचा तुकडा, असं शिकवत नेलं तर जनावर आपणहून गजाला कूस लावून उभं राहतंय आणि बेशुद्ध न करता रक्त काढता येतंय. महिनेच्या महिने जातात त्याला.

आणि सकाळी आधी लीद आणि उष्टं बघायचं. कालचं हाड तसंच पडलंय म्हणजे काहीतरी बिनसलंय. बहुतेक झूंत मांसाहाऱ्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो, तो दिवस माहीत नसला तर तुमची वही चुकणार.

तळ्याकाठचा:

शिकायचं तर शिका, पण पिंजऱ्यातल्या प्राण्यांवर एवढा जीव आणि शेजारचं भीमगड अभयारण्य विसरायचं? तिथल्या बारापेडे गुहेतल्या राउटनच्या वटवाघळासाठी (दुर्मिळ जात आहे ती) कुठलं झू काय करणार? 'संवर्धन' हा तिकीट खिडकीवरचा बोर्ड झालाय.

गुरांचा_डॉक्टर (निवृत्त):

@तळ्याकाठचा, वटवाघळाचं मान्य. त्याला गुहा शांत पाहिजे, बाकी काही नको. पण सरसकट बोलू नका. मानसमधून 1996 साली पकडलेल्या मोजक्या पिग्मी हॉगांपासून (बुटकी रानडुकरं) आसामात पैदास झाली आणि 2008 पासून ते गवताळ रानात सोडतायत. अरबी ओरिक्स (वाळवंटातलं लांब शिंगांचं हरणासारखं जनावर) जंगलातून संपला होता, तो झूमधल्या कळपांतून 1982 ला ओमानात परत गेला. मात्र शिकार आटोक्यात आली नाही आणि तिथला कळप पुन्हा ढासळला. गिधाडांचं तर आमच्याच धंद्यातलं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गुरांच्या दवाखान्यात सर्रास वापरलं जायचं, ते अंगात असलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरायची, म्हणून 2006 ला जनावरांसाठी त्यावर बंदी आली. हरियाणात पिंजोरच्या पैदास केंद्रात गिधाडं कितीही वाढवा, गावातल्या मेलेल्या बैलाच्या अंगात ते औषध असेल तर सोडून उपयोग काय? पैदास आणि बाहेरची दुरुस्ती, दोन्ही एका वेळी लागतं.

म्हैसूर_रिटर्न:

ताई, अभ्यासाचं राहिलं. कोर्सेरा या ऑनलाइन शिकायच्या साइटवर एडिनबरा विद्यापीठाचा प्राण्यांचं वर्तन आणि कल्याण यावरचा कोर्स आहे, तो आधी करा. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या साइटवर पिंजऱ्यांचे निकष आणि मार्गदर्शिका फुकट मिळतात. 2009 चे झू मान्यता नियम वाचा, रुक्ष आहेत पण कामाचे. डेहराडूनची वन्यजीव संस्था, बेंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र), तिथली एम.एस्सी. चांगलीच, पण ती संशोधनाकडे नेते, झाडू-बादलीकडे नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. कन्नड लिहायला-वाचायला शिका. आमच्याकडे मोजणीचं रजिस्टर, खाण्याचा तक्ता, कीपरचा रोजचा शेरा, सगळं कन्नडात असायचं. हा सीमावादाचा विषय नाही, कुणी सुरू करू नका.

नंदगडची_पोर:

सगळ्यांचे आभार. पप्पांना बोमाचं वाचून दाखवलं, ते म्हणाले आपली वासरं गोठ्यात घेतो तसंच की. वहीचं या आठवड्यापासून सुरू करते. कन्नड अक्षरं शाळेत झाली होती, जोडाक्षरांत अडकते. एक विचारू? स्वयंसेवक म्हणून आत काम करायला मिळावं म्हणून अर्ज द्यायचा तर कुणाच्या नावे, आणि मुलगी म्हणून नाही म्हणतील काय?

म्हैसूर_रिटर्न:

झूच्या कार्यकारी संचालकांच्या नावे, कन्नडात, एक पान. "प्राण्यांची आवड आहे" असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. वहीतल्या नोंदींची दोन पानं जोडा. बायका कीपर असतात, पण वाघ-बिबट्याकडे पहिल्या दिवशी कुणालाच सोडत नाहीत, पुरुषालाही नाही. चारा कापणं आणि पक्ष्यांची भांडी घासणं यापासून तयारी ठेवा. अर्ज लिहिलात की इथं टाका, कन्नड मी तपासून देतो.