फोंडा घाटात पिकअप तापते, 5 हजारांत काय करता येईल?

बागवाला_देवगड: नमस्कार मंडळी. 2009 ची डिझेल पिकअप, सेकंडहँड घेतलेली. मीटर 2 लाख 80 हजारांवर बंद पडलाय. देवगड ते फोंडा तापमानाचा काटा निम्म्याच्या खाली असतो. आंब्याच्या साठ पेट्या भरून कोल्हापूरला निघालो की घाटाच्या मध्यावर काटा लालला टेकतो आणि दाजीपूरच्या अलीकडे रेडिएटरच्या डब्यातून पाणी फसफसून बाहेर येतं. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की पुन्हा चालते. रिकामी येताना कधीच तापत नाही. बेल्ट नवा टाकलाय, रेडिएटर धुतलाय. बजेट 5 हजार, वर एक रुपया नाही. आधी काय बघू?

रांगडा_गडी: रिकामी येताना उतार असतोय ओ, तापंल कशाला? माझं ऐका, विकून टाका ती. मी गेल्या दिवाळीला नवी घेतली, दीड टन टाकतो, काटा हलत न्हाई. हप्ता जातोय, पण झोप लागते.

बागवाला_देवगड: 5 हजार म्हटलंय दादा. 5 लाख नाही.

तळकोकणी: माका पण असाच झाला होता. मिस्त्रीन वॉल काढून टाकल्यान, तेवापासून गाडी थंड. वॉल काढ. फुकटातला काम.

निवृत्त_फिटर: वॉल्व, म्हणजे गरम पाणी रेडिएटरला सोडणारा थर्मोस्टॅट, काढू नका. 26 वर्षं डिझेलवर काम केलंय. बऱ्याच इंजिनांत तो 82 अंशांच्या आसपास उघडतो आणि उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं, आणि नेमकं चढावर अंगाशी येतं. खराब असेल तर नवा टाका. गॅसवर पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा, उघडतो की नाही डोळ्यांनी दिसेल.
आता मला तीन गोष्टी सांगा. पाणी कुठलं भरता? रेडिएटरचं झाकण शेवटचं कधी बदललं? फॅनभोवतीचा प्लास्टिकचा घेर शाबूत आहे का?

तळकोकणी: माझी तीन वर्षा चलता वॉलाशिवाय.

घाटवाट: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गेलंय. लिहून ठेवा. माझं गेलं तेव्हा 32 हजारांना बसलं, वर गॅरेजवाल्याने हेड दोनदा उतरवलं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

निवृत्त_फिटर: लगेच घाबरवू नका त्यांना. सकाळी थंड इंजिनावर झाकण काढून गाडी चालू करा. थांबता थांबत नाहीत असे बुडबुडे आले, किंवा ऑइलच्या काडीवर दुधाळ चिकटा दिसला, तर गॅस्केटचा विचार. आणि गरम असताना झाकणाला हात लावू नका, तोंड भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

रांगडा_गडी: गगनबावड्यानं का जात न्हाई? फोंड्यापेक्षा तो रस्ता बरा.

घाटवाट: करूळ घाट बरा? पावसाळ्यात कधी गेलाय का?

रांगडा_गडी: आंबा पावसाळ्यात जातोय का?

चाकं_चार: चढावर तापायला लागली की हीटर फुल सोडा, काचा खाली घ्या. घाम निघतो, पण काटा खाली येतो. आणि तिसऱ्यात रेटू नका. दुसऱ्यात घ्या, इंजिन फिरतं राहिलं की फॅन आणि पंप दोन्ही जोरात फिरतात.

बागवाला_देवगड: बुडबुडे नाहीत, काडी स्वच्छ. पाणी विहिरीचंच. झाकणाचं रबर दाबलं तर तुकडा हातात आला. घेर खालून अर्धा गायब. आणि थंड गाडीत फॅन बोटाने फिरवला तर भिरभिऱ्यासारखा चार वेढे फिरला. मधल्या गोल डबीवर बोट फिरवलं, काळं चिकट लागलं.

निवृत्त_फिटर: मग सापडलं. त्या डबीत सिलिकॉनचं तेल असतं, ते गळून गेलंय. गरम झाल्यावर फॅनने इंजिनाला घट्ट धरायला हवं, तो नुसता सुटा फिरतोय. सपाटीला वाऱ्यावर भागतं, घाटात वेग पंधरा-वीसचा, वारा कुठून येणार? फॅनची डबी बदला. झाकण 0.9 बार दाबाचंच घ्या. तेवढा दाब धरला तर पाणी 118 अंशांच्या आसपास उकळतं, नाहीतर शंभरलाच. विहिरीचं पाणी बंद, क्षार बसतो. कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं.

चाकं_चार: मीही फॅनच म्हणणार होतो.

घाटवाट: गॅस्केट एकदा बघाच तरी.

बागवाला_देवगड: डबी विचारली, 6,800. जमत नाही. मिस्त्रीने बोल्ट मारून फॅन कायमचा जाम केला, 300 रुपये. झाकण नवं, कुलंट भरलं, घेराला पत्रा ठोकला. सगळे मिळून 2,150. फिटरदादा, रागावू नका. काल पहाटे दोनला साठ पेट्या घेऊन चढलो, दाजीपूरला काटा निम्म्याच्या थोडा वर, पाण्याचा थेंब बाहेर नाही. आवाज मात्र विमानासारखा, आणि डिझेल जास्त पितेय.

निवृत्त_फिटर: जाम फॅन मला पटत नाही. हंगामापुरतं ठीक, पण दर फेरीला पात्यांच्या मुळाशी चीर पडली का ते बॅटरी लावून बघा. पातं उडालं तर थेट रेडिएटरमध्ये घुसतं. जूनमध्ये डबी बदला.

बागवाला_देवगड: बघतो. तुमच्यासाठी एक पेटी बाजूला काढलीय.

तळकोकणी: वॉल काढलंस की नाय मग?