मदत हवी आहे : हक्कसोडीवर सही करण्याआधी

फोंडा तालुक्यात आमचं घर आणि माडांचं भाट (बाग) आहे. वडील मागच्या वर्षी वारले, मृत्युपत्र नाही. आई हयात आहे, म्हणजे गोव्याच्या कायद्याने अर्धा भाग तिचाच. उरलेल्या अर्ध्यात दादा, मी आणि धाकटी बहीण. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी समान वारस आहेत, 2012 च्या वारसा कायद्यातही तेच. त्यावर बोट ठेवून दादा म्हणतो, "आजच्या काळात पुरुषांना कसला विशेषाधिकार?" आणि त्याच दुपारी त्याने हक्कसोडीचा कागद पुढे ठेवला. सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या, माझ्या नवऱ्यासाठीही एक. दादाला आजवर कुणी "तुझा हक्क सोड" म्हटलेलं नाही. मला तेच लागलं.

दादाशी दोनदा बोलले. आई म्हणते, भावाशी वाकडं घेतलंस तर माहेर तुटेल. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हणा) काढला, त्यावर अजून वडिलांचंच नाव आहे. वकिलांनी थेट इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टामार्फत वारसांत वाटणी, सुचवली, पण आई असेपर्यंत मला कोर्टाची पायरी चढायची नाही. विकायचंही नाही. विहिरीकडचे माड आणि मागची खोली नावावर राहावी, एवढंच.

तुमच्यापैकी कुणी बहिणीने सही नाकारून, कोर्टात न जाता, सर्वांच्या संमतीने वाटणीपत्र नोंदवून घेतलंय का? कागद कोणते लागले, आणि भावाशी बोलणं कुठून सुरू केलंत?