नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार: आधी समुपदेशन की आधी गुन्हा?

पूर्वभागकर:
आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात अंगावर वळ घेऊन ठाण्यात गेलेल्या बाईकडून बऱ्याचदा नुसता अर्ज घेतात आणि समुपदेशनाची तारीख देतात. पहिल्या तारखेला नवरा येत नाही. दुसरीला सासू रडते. तिसरीला तो 'नीट नांदवतो' असं लिहून देतो. समुपदेशन जरूर करा, पण आधी गुन्हा नोंदवा, सिव्हिल हॉस्पिटलला एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठी जखमांची डॉक्टरी नोंद, करा. वळ दोनेक आठवड्यांत पिवळा पडून जातो. पुढे कोर्टात आरोपीचा वकील विचारतो, जखमेचा कागद कुठाय? कागद नाही, म्हणून माणूस सुटतो आणि गल्लीत बोभाटा होतो की केस खोटी होती.

निवृत्त हवालदार:
ताई, खात्यात आयुष्य गेलं म्हणून सांगतो. बाईला नवरा तुरुंगात नको असतो, मार थांबायला हवा असतो. गुन्हा दाखल झाला की दोन्ही घरं हट्टाला पेटतात. फिर्यादीत पुण्याला नांदणाऱ्या नणंदेचंही नाव येतं. साक्षीच्या वेळी बाई पुन्हा सासरी गेलेली असते, मग ती फितूर होते. म्हणूनच २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको म्हटलं. जुलै २०२५ मध्ये समेटाचा प्रयत्न करणाऱ्या कुटुंब कल्याण समित्या आणि अटकेआधी दोन महिने थांबण्याची मुदतही मान्य केली. हे न्यायाधीश काही बायकांचे वैरी नाहीत.

पूर्वभागकर:
काका, ते दोन महिने मोजायचे गुन्हा नोंदल्यापासून. त्या काळात अटक थांबते. वैद्यकीय अहवाल, जखमांची नोंद, साक्षीदारांचे जबाब हे काम चालूच ठेवायचं आहे. सुप्रीम कोर्टाच्याच ललिता कुमारी निकालाने (२०१३) कौटुंबिक वादात गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशीला मुभा दिली, तीही मुदत घालून आणि स्टेशन डायरीत (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) नोंद करून. नुसत्या अर्जावर महिनोन्महिने तारखा देत बसा, असं यातल्या कुठल्याच निकालात नाही.

वकील, जिल्हा न्यायालय:
तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्याच्याही आधी आपल्याकडे केस बिघडते, ती जबाब लिहिताना. पूर्व भागातल्या कितीतरी बायका घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कन्नड. बाई तेलुगूत सांगते, सोबत आलेली शेजारीण मोडकंतोडकं मराठी करते, अंमलदार ठरलेल्या साच्यात लिहितो: 'शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली'. तिने सांगितलेलं असतं, कापड विणायच्या मागाचा दांडका, डाव्या खांद्यावर. ते कागदावर येतच नाही. दोन-तीन वर्षांनी ती कोर्टात दांडका म्हणते, तेव्हा उलटतपासणीत 'हे जबाबात नाही' म्हणून तिलाच खोटं पाडतात. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात तर हेच जास्त महागात पडतं, कारण तिथे अनेकदा तिच्या शब्दांवरच सगळं उभं असतं.

फिर्याद वाचून दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे, पण ज्या भाषेत ती ऐकते त्या भाषेत वाचली तरच त्याला अर्थ. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १८० नुसार जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण करता येतं. करा ना! तिचे शब्द तिच्या भाषेत राहतील.

आणि २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याने पोलिसांवर जबाबदारी टाकली आहे: बाईला संरक्षण आदेश, राहत्या घराचा हक्क, मोफत वकील, सगळं सांगायचं. हवालदार साहेब, मार थांबवायचाय ना? मग हे तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती आजही बलात्कार धरली जात नाही, पण या कायद्यात लैंगिक छळ येतो. सासू-सासऱ्यांसमोर घेतलेल्या बैठकीत ते कुठली बाई बोलेल?

विडीवालीची लेक:
माझ्या आईने समुपदेशनात मिटवलं. मी तिला दोष देत नाही. एका तारखेला गेली की हजार विडीची मजुरी बुडते, भिजवलेलं पान वाया जातं. कोर्टाच्या खेपा कोण भरून देणार? मिटवल्यावर वर्षभर घर शांत होतं, हेही खरं. नंतर पुन्हा सुरू झालं, तेव्हा ठाण्यात विचारलं, 'आधी कधी तक्रार केली होती का?' केली होती. पण तो अर्ज कुणालाच सापडेना. त्यामुळे मिटवायला माझी ना नाही, फक्त पहिल्या वेळचा कागद तिच्या हातात राहायला पाहिजे होता.

निवृत्त हवालदार:
बाळ, तुझं वाचून वाईट वाटलं. अर्जाची पोच द्यायलाच हवी. जबाबाच्या ध्वनिचित्रमुद्रणाचंही मला पटलं, पण रात्रपाळीला तेलुगू येणारी महिला अंमलदार असेलच असं नाही. भाषेची माणसं आधी द्या. आणि गुन्हा नोंदला की लोक समजुतीला येत नाहीत, हा माझा अनुभव आहे. त्यावरून मी हलणार नाही. अटकेची भीती घरात शिरली की संसार गेला.

पूर्वभागकर:
काका, अटक मी मागितलेलीच नाही. त्याच दिवशी एमएलसी, गुन्हा रजिस्टर नंबर आणि फिर्यादीची प्रत. ती बाई पुढे नांदायला गेली तरी हे तिच्याजवळ राहू द्या.