दहा-बारा वर्षांच्या रोजच्या गाडीला सिरॅमिक कोटिंग: करावं की पैसे वाचवावे?

कपाशीवाला
जुन्या गाडीवरही सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा काचेसारखा पातळ थर) मारायचं फॅड आता तालुक्यापर्यंत पोचलंय. दहा-बारा वर्षांच्या हॅचबॅकला पंधरा-वीस हजार सांगतात आणि वर "९ एच आहे, ओरखडा पडत नाही" हे ठरलेलं वाक्य. रोज गावातून तालुक्याला जाणाऱ्या आणि उघड्या अंगणात उभ्या राहणाऱ्या गाडीला हे करू नये, असं माझं मत.

९ एच हा पेन्सिलच्या चाचणीतला आकडा आहे. त्या चाचणीत सगळ्यात कडक पेन्सिल ९ एच, बस. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते कुठल्याही पेन्सिलपेक्षा कडक. सकाळी कोरडं फडकं मारलं की कोटिंगवरही गोल गोल चरे पडणारच. पुढच्या ट्रॅक्टरनं उडवलेली गिट्टी एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर काय अडवणार? त्यासाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, लागते. ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असते, पण जुन्या गाडीवर तेवढा खर्च कोण करतो?

त्यात कोटिंगच्या आधी मशीन फिरवून रबिंग करतात. नव्या गाडीवर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. दर सर्व्हिसिंगला "रबिंग-पॉलिश" करून घेतलेल्या गाडीवर त्यातला किती उरलाय ते डोळ्यांनी दिसत नाही. उरलेलाही घासायचा आणि वरून बाटली ओतायची?

बडनेरा रोड
पेन्सिलचं बरोबर, गिट्टीचंही बरोबर. पण त्यातून निघतं ते उलटं. क्लिअर कमी उरलाय म्हणूनच त्याला पुन्हा पुन्हा रबिंगची पाळी येऊ द्यायची नाही. उन्हाशी झुंजणारी रसायनं त्या क्लिअरमध्येच असतात. तो संपला की छत आणि बॉनेट आधी पांढुरके पडतात, मग सालपटं निघतात आणि तिथून पुढे पेंटिंगशिवाय इलाज नाही.

कोटिंगनं धूळ बसायची थांबत नाही. ती कमी चिकटते, आणि नुसत्या पाण्याच्या जोरावर बरीचशी निघून गेल्यामुळे फडकं कमी घासावं लागतं. काळ्या मातीचा चिखल सुकून बसला की फरक कळतो. पक्ष्यांची विष्ठा, डांबराचे ठिपके, रात्री काचेपुढे मरणारे किडे, हे सगळं कमी जोरात सुटतं. जुन्या गाडीला एवढंच हवं असतं, आरसा कोणाला पाहिजे?

पूर्णाकाठ
दोघांनीही पाण्याच्या खारटपणाचं नाव काढलं नाही. अकोला-बुलढाणा-अमरावतीतल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यानं गाडी धुणार असाल तर कोटिंगवर डाग जास्त उठून दिसतात. साध्या जुन्या रंगावर पाणी पसरतं. कोटिंगवर त्याचे गोल थेंब बनतात, उन्हात प्रत्येक थेंब जागीच आटतो आणि सगळा क्षार एका ठिपक्यात गोळा होतो. एप्रिलमध्ये भर दुपारी धुतलेली कोटिंगवाली काळी गाडी संध्याकाळी देवी आल्यासारखी दिसते.

धुवायचं ते सूर्य उगवायच्या आत. शेवटचं पाणी आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं, फवारणीच्या स्वच्छ पंपानं मारलं तर चार-पाच लिटरमध्ये हॅचबॅक होते. (कीटकनाशकाचा पंप नको, त्यासाठी वेगळा ठेवा.) मग मोठ्या मायक्रोफायबरनं लगेच पुसा. डाग पडलाच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, थंड पत्र्यावर मिनिटभर ठेवून भरपूर पाण्यानं धुवा. डाग जुना होऊन कोटिंगमध्ये खड्डा पाडून बसला असेल तर व्हिनेगर काही करत नाही, पॉलिशच लागतं. म्हणजे कोटिंगही गेलं.

कपाशीवाला
म्हणजे माझ्याच मुद्द्यावर आलात. आरओचं पाणी गाडीला घालायचं असेल तर पंधरा हजार आधी कशाला? दोन बादल्या (एक शाम्पूची, एक फडकं खंगाळायची), चांगला शाम्पू आणि तीन-चार महिन्यांतून एकदा सिलिकाचा स्प्रे सीलंट (रंगावर पातळ संरक्षक थर देणारा फवारा). धुतलेल्या गाडीवर मारून पुसायचा. डाग पडले, बिघडला, तरी पुढच्या वेळी नवा थर. हजार रुपयांत वर्ष निघतं.

डेंटिंगवाला
भाऊ, तुमी कोटिंगवर भांडून रायले, पन गाडी कोनी पाह्यलीच नाही. आधी गाडीचा रंग कोनता हाये थे पाहा. कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यानं थोडं कंपाउंड (रंग घासाची पेस्ट) घासा. फडक्याले गाडीचा रंग लागला त समजा वर क्लिअर नाही. मग मशीन जपून.

दुसरं, मायक्रॉन मोजाचं मीटर. कंपनीचा रंग बहुतेक शंभरच्या आसपास, थोडा खाली-वर. तीनशे-चारशे दाखवलं त रंग पुन्हा मारलेला हाये, खाली पुट्टी असू शकते. ऐंशीच्या खाली आलं त कडक कंपाउंड लावूच नका, नुसतं फिनिशिंग पॉलिश. दरवाजाच्या धारीवर अन् बॉनेटच्या कडेले रंग सगळ्यात पातळ राह्यते, रोटरी (गोल फिरनारं पॉलिश मशीन) तिथंच रंग जाळते. धारीले टेप मारा.

अन् गावात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगानं मारलेला दरवाजा असन, त कोटिंगच्या आधी पुसाचं सॉल्व्हंट त्यो रंगच मऊ करते. आधी लपलेल्या जागी फडकं लावून पाहा. नवीन मारलेल्या टू-के (हार्डनर मिसळून माराच्या) रंगालेही महिनाभर सुकू द्या. अन् चाकाच्या कमानीले जंग लागला असन त आधी थो काढा. फुगलेल्या जंगावर सिरॅमिक म्हंजे पैसे वाया.

बडनेरा रोड
हे सोळा आणे खरं. सालपटं निघणारी गाडी असेल तर कोटिंग नकोच. रंग शाबूत असेल तर घरी करता येतं, खर्च दुकानाच्या एक पंचमांश. ३० मिलीची बाटली हॅचबॅकला एका थराला पुरते.

धुवून आधी डांबर काढणारं द्रव, मग लोखंडाचे कण विरघळवणारं (ते जांभळं होतं, उन्हात सुकू द्यायचं नाही), मग भरपूर शाम्पूच्या पाण्यात क्ले (रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी). हात फिरवून पत्रा काचेसारखा लागला पाहिजे. पॉलिश झेपेल तेवढंच. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसणं, आणि हे टाळू नका. पॉलिशमधलं तेल चरे बुजवून चमक दाखवतं. ते राहिलं तर कोटिंग रंगाला धरतच नाही, दोन महिन्यांत उतरतं आणि दोष बाटलीवर येतो.

लावताना दोन बाय दोन फुटांचा चौकोन, आधी आडवं मग उभं. इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला की पुसायचं. बाटलीवर दोन-तीन मिनिटं लिहिलेली असतात, ती थंड खोलीची. आपल्याकडे मे महिन्यात पत्रा हात ठेवू देत नाही, तिथे ते अर्ध्या मिनिटात घट्ट होतं आणि काळपट पट्टे राहतात. डिसेंबर-जानेवारी धरा, बंद शेडमध्ये, पण कापूस भरलेल्या गोदामात नको. तंतू चिकटले तर वाळल्यावर निघत नाहीत. रबरी हातमोजे घाला, दार थोडं उघडं ठेवा. वापरलेलं फडकं वाळून काचेसारखं कडक होतं, ते फेकून द्या, धुवून पुन्हा गाडीवर वापरलं तर चरे पाडेल. चोवीस तास पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही.

पूर्णाकाठ
चोवीस तासांत दव पडलं तर? डिसेंबरात उघड्यावरची गाडी पहाटे ओली असते.

बडनेरा रोड
शेडमध्येच ठेवायची. शेड नसेल तर कपाशीवाल्यांचा स्प्रेच बरा, तिथं माझा वाद नाही. काळा पट्टा राहिला तर तासाभरात त्यावरच कोटिंगचे दोन थेंब लावून लगेच पुसा, जुना थर सैल होतो. दुसऱ्या दिवशी दिसला तर पॉलिशनंच निघेल.

कपाशीवाला
शेड किती जणांकडे आहे ते विचारा. आहे तिथं ट्रॅक्टर उभा असतो.