कासचे फोटो स्टॉक साइटवरून ‘फोकस’ आणि ‘नॉइज’ म्हणून परत येतायत

सातारा_नवखा
नमस्कार मंडळी. कॅनन १५००डी, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स. स्टॉकसाठी (फोटो विकणाऱ्या साइटसाठी) पहिल्यांदाच दहा फोटो पाठवले: कासची सोनकी आणि तेरडा, मेणवलीचा घाट, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद. दहातले नऊ परत. कारणं प्रत्येकी एका शब्दात: फोकस, नॉइज, प्रकाश, आणि हळदीवर ट्रेडमार्क. मोबाइलवर तर सगळे झकास दिसतात. पाठवण्याआधी नेमकं काय बघायचं? कॅमेरा बदलावा लागेल का?

रॉ_फाइल
कॅमेरा ठेवा, पैसे वाचवा. तुमची फाइल ६००० × ४००० म्हणजे २४ मेगापिक्सेलची. अॅडोबी स्टॉक काय, शटरस्टॉक काय, किमान ४ मेगापिक्सेल मागतात.

मोबाइलवर सगळंच झकास दिसतं, कारण तिथे फोटोतले थोडेच पिक्सेल दिसतात. कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करा आणि डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडे, मग खाली, असं शेत नांगरल्यासारखं सगळं फिरून बघा. तपासणारेही तसंच बघतात.

आता फुलं. १८-५५ लेन्स ५५ वर ठेवून २५ सेंटिमीटरवरून एफ ५.६ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) फोटो काढला तर जेमतेम अडीच मिलीमीटर जाडीचा पट्टा शार्प येतो. सोनकीच्या मधल्या चकतीवर फोकस असेल तर पुढची पाकळी गेलीच. एफ ८ ते ११ ठेवा. त्याच्या पुढे एफ १६, २२ ला नेलं की डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून प्रकाश पसरतो) सगळंच थोडं मऊ पडतं. फुलाचं तोंड आणि सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी पट्टी) समांतर राहतील असा कॅमेरा धरा, म्हणजे त्या तीन-चार मिलीमीटरात जास्त फूल बसतं.

पठारावर वारा थांबत नाही. लेन्समधलं आयएस (हादरे सावरणारी सोय) तुमचा हात सावरतं, फुलाचं डोलणं नाही. शटर किमान १/५०० सेकंद, आणि दोन झुळुकांच्या मधे क्लिक. धुक्यात ऑटोफोकस पुढे-मागे शोधत बसतो. तेव्हा लाइव्ह व्ह्यू चालू करून १० पट मोठं करा आणि हाताने फोकस लावा.

एवढं वेगवान शटर ठेवलं की आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० लागणारच. लागू द्या. आयएसओ २०० ला अंधारा फोटो काढून नंतर दोन स्टॉप (म्हणजे चौपट) उजळला, तर सावल्यांत जास्त दाणे, म्हणजेच नॉइज, येतात. आणि ते दाणे घालवायला नॉइज रिडक्शन शेवटपर्यंत ओढलं की तेरड्याची पाकळी मेणाची होते. मग फोटो परत येतो तो त्या मेणासाठी.

सोनकीचं आणखी एक दुखणं. पिवळ्या रंगात लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा थर) सगळ्यात आधी टोकाला जातो, पण साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ‘ठीक आहे’ म्हणतो. कॅमेऱ्यात आरजीबी (लाल-हिरवा-निळा) हिस्टोग्राम उघडून बघा. लाल उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर २/३ स्टॉप खाली घ्या. नाहीतर पाकळीवरच्या शिरा पुसल्या जाऊन नुसता पिवळा ठिपका उरतो.

(आणि फोटोसाठी फुलांत उतरू नका. पायवाटेवरूनच काढा.)

कृष्णाकाठ
वरच्या उत्तरात राहिलेलं. घाटाच्या आणि पवनचक्क्यांच्या फोटोंत आभाळ बघा. राखाडी पुसट गोल डाग दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. एफ १६ ला ठळक दिसते, एफ ५.६ ला लपते. खात्री करायला एफ २२ वर, फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. साफ करायला रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकी उडाली की काम वाढतं. आधीच काढलेल्या फोटोंत हीलिंग ब्रशने एकेक डाग काढा.

पवनचक्कीच्या पात्याला जांभळी किंवा हिरवी कड असेल तर रॉ प्रोसेसरमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल उघडणारं सॉफ्टवेअर) क्रोमॅटिक अॅबरेशनचा चौकोन टिचका. कॅननचं डीपीपी फुकट आहे, डार्कटेबलही. शार्पनिंग हलकं ठेवा. पात्याभोवती पांढरी रेघ उमटली म्हणजे जास्त झालं.

सेव्ह करताना जेपेग, एसआरजीबी रंगप्रणाली, क्वालिटी सगळ्यात वरची. ३०० डीपीआयच्या आकड्याने पिक्सेल वाढत नाहीत, त्याच्या नादी लागू नका. व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल तर अजिबात नको. आणि एकाच सोनकीच्या सहा फ्रेम पाठवू नका, सारखेपणावरूनही नकार येतो.

हळदपेठ
सांगलीकर म्हणून हळदीपुरतं सांगतो. पोत्यावर अडत्याचं नाव, छापील मार्का, मोबाइल नंबर असतो. व्यावसायिक वापराच्या फोटोत यातलं काहीही चालत नाही. पोतं फिरवून कोरी बाजू पुढे घ्या, किंवा हळकुंडांच्या ढिगावरच फ्रेम बांधा. हमालाचा चेहरा ओळखू येत असेल तर त्याची सही असलेलं मॉडेल रिलीज (फोटो वापरायची परवानगी) लागतं. ते नसेल तर एडिटोरियल (बातमी-लेखांसाठी) म्हणून पाठवा, पण तिथे फोटोत फेरफार करायचा नाही.

शेडमधल्या ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० शटर ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे किंवा एका बाजूला वेगळाच रंग येतो. इथे १/१०० किंवा १/५०. ढीग फ्रेमभर असला की ऑटो व्हाइट बॅलन्सला (कॅमेऱ्याच्या आपोआप रंग-दुरुस्तीला) तो पिवळा प्रकाशच वाटतो, आणि हळद फिकट, आजारी दिसते. त्याच उजेडात पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढून ठेवा, नंतर सॉफ्टवेअरमधल्या व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने त्यावर टिचका. तुमच्या ‘प्रकाश’ या नकारामागे बहुधा हेच आहे. लेन्स मात्र यार्डात बदलू नका. हळदीची पूड हवेत असते, सेन्सरवर बसली की वरच्यांचा ब्लोअरसुद्धा दमेल.

सातारा_नवखा
आभार! घाटाचा फोटो १०० टक्क्यांवर किंचित मऊ आहे, डाग नाहीत. लहान करून पाठवला तर चालेल?

रॉ_फाइल
किंचित मऊ असेल तर चालतं. ३६०० × २४०० करा, साडेआठ मेगापिक्सेल होतात, दाणेही दबतात. पण आधी बघा मऊ कशाने आहे. घाटाच्या पायऱ्यांच्या कडा एकाच दिशेला दुहेरी दिसत असतील तर हात हललाय, तो लहान करूनही लपत नाही. पहाटे पुन्हा जा, ट्रायपॉड लावा, आयएसओ १००, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर.