मदत हवी आहे: शिकागोच्या महापौर निवडणुकीतून पक्ष का वगळले गेले?

नमस्कार. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांच्यावर लेख लिहीत आहे. आपल्याकडचा महापौर नगरसेवकांनी निवडलेला आणि बहुतांशी मानाचा, कारण कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात; शिकागोचा महापौर मात्र थेट मतदारांनी निवडलेला आणि खरा सत्ताधारी असतो, हा फरक मी सुरुवातीलाच स्पष्ट केला आहे. पुढे दोन मुद्द्यांवर लेख अडला आहे.

२२ फेब्रुवारी १९८३ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) तत्कालीन महापौर जेन बर्न आणि १९५५ ते १९७६ या काळात शहरावर एकछत्री अंमल गाजवलेल्या रिचर्ड जे. डेली यांचे पुत्र रिचर्ड एम. डेली यांच्यात गोऱ्या मतांची विभागणी झाली आणि वॉशिंग्टन सुमारे ३६ टक्के मतांवर पुढे निघाले. १९३१ पासून तिथे एकही रिपब्लिकन महापौर झालेला नसल्याने प्रायमरी जिंकली की पद मिळालेच, असे समीकरण होते. या वेळी मात्र अनेक गोरे डेमोक्रॅट रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्याकडे वळले आणि १२ एप्रिलला वॉशिंग्टन जेमतेम ५२ टक्क्यांच्या आतबाहेर राहून निवडून आले. पुढे १९९५ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा करून शिकागोच्या महापौर निवडणुकीतून पक्षच काढून टाकले आणि विजयासाठी निम्म्याहून अधिक मतांची अट घातली. १९८३ सारखा निकाल पुन्हा लागू नये म्हणून हा बदल झाला, असे म्हणणे कितपत योग्य ठरेल?

दुसरा प्रश्न पद मध्येच रिकामे झाल्यास काय, याविषयी आहे. डिसेंबर १९७६ मध्ये थोरल्या डेलींचे निधन झाले, तेव्हा कौन्सिलचे (नगरसेवकांच्या सभेचे) कृष्णवर्णीय हंगामी अध्यक्ष विल्सन फ्रॉस्ट यांनी पदावर दावा सांगितला. पण महापौरांच्या दालनाच्या किल्ल्या सापडत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले आणि पद मायकेल बिलँडिक यांना मिळाले. नोव्हेंबर १९८७ मध्ये वॉशिंग्टन यांचे निधन झाल्यावर मात्र डेव्हिड ऑर यांनी विनातक्रार आठवडाभर कारभार पाहिला. मधल्या काळात काय बदलले? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. १९७६ च्या गोंधळानंतर उपमहापौर हे पद निर्माण झाले आणि १९८७ मध्ये ते ऑर यांच्याकडे होते. पण तो आठवडा शांततेत गेला असे कृपया लिहू नका. २ डिसेंबरच्या पहाटे, सज्जातून नोटा फडकवून 'विकले गेलात' असे सुचवणाऱ्या जमावासमोर, कौन्सिलने नवा महापौर म्हणून टिमथी इव्हान्स यांच्याऐवजी यूजीन सॉयर यांना २९ विरुद्ध १९ मतांनी निवडले. सॉयर हेही कृष्णवर्णीयच, तरी त्यांना मिळालेली बहुतेक मते वॉशिंग्टन यांच्या विरोधकांची होती. माझ्या मते आपल्या लेखातला सर्वांत मोठा परिच्छेद याच रात्रीचा व्हायला हवा.

पहिल्या प्रश्नासाठी १९९५ च्या आधी १९८६ पाहावे लागेल. १९८७ च्या निवडणुकीपूर्वीच धाकट्या डेलींच्या बाजूने पक्षविरहित निवडणुकीसाठी सार्वमत मागणारी सह्यांची मोहीम चालवली गेली होती आणि गोऱ्या मतांची फाटाफूट टाळणे हाच तिचा हेतू असल्याचे वॉशिंग्टन यांचे समर्थक उघडपणे म्हणत होते. एका मतदानात तीनच सार्वमत-प्रश्न घेता येत असल्याने, नुकतेच कौन्सिलवर नियंत्रण मिळवलेल्या वॉशिंग्टन गटाने आपलेच तीन प्रश्न पुढे करून ती जागा भरून टाकली. डाव मोठा खमंग होता! १९९५ चा कायदा मात्र रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळात झाला आणि तोवर डेली स्वतः महापौर होते, त्यामुळे '१९८३ मुळेच' असे ठाम विधान न करता 'तसा आरोप झाला' इतकेच लिहावे.

कोणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास या कायद्यानुसार पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते; तशी वेळ प्रथम २०१५ मध्ये आली, ती राम इमॅन्युएल आणि हेसूस गार्सिया यांच्यात. २०१९ ची दुसरी फेरी लोरी लाइटफूट आणि टोनी प्रेकविंकल या दोन कृष्णवर्णीय महिलांमध्ये झाली आणि पहिल्या फेरीत साडेसतरा टक्क्यांच्या आसपास मते असलेल्या लाइटफूट यांनी सर्व ५० वॉर्ड जिंकले. हेही लेखात घेतल्यास कायद्याचा हेतू आणि त्याचा परिणाम वेगवेगळे तपासता येतील.