डिझेल बुलेटबद्दल कुणी काहीही अंदाज केला तरी 'हो' म्हणायचं. यात चूक काय?

तापीकाठचा (सावदा)

वडिलांची डिझेल बुलेट मी अजून चालवतो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नव्वदच्या दशकात रॉयल एनफिल्ड 'टॉरस' या नावानं ही गाडी विकायची. चासी बुलेटची, इंजिन ग्रीव्ज-लोम्बार्डिनीचं, ३२५ सीसी, डिझेलवर. ताकद साडेसहा हॉर्सपॉवर, म्हणजे साध्या ३५० बुलेटच्या जवळपास तिसरा हिस्सा. साठ-पासष्टच्या पुढे जीव सोडते, पण लिटरला सत्तरच्या वर सहज जाते. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, त्या काळच्या बुलेटसारखेच.

विषय गाडीचा नाही, गाडीभोवती जमणाऱ्यांचा आहे. फैजपूरच्या चौकात थांबा, भुसावळला स्टेशनबाहेर थांबा, चहा येईपर्यंत दोन-तीन जण येतातच. आणि हे लोक विचारत नाहीत, सांगतात. "गॅस किट टाकली ना?" "मिलिटरीच्या लिलावातली आहे ही." "रॉकेल टाकतात हिच्यात." "विहिरीवरचं पाण्याचं इंजिन बसवलंय." परवा एक गृहस्थ पोराला सांगत होते की ही इंग्रजांच्या काळातली गाडी आहे. नंबर प्लेटवर एमएच १९ असताना!

आधी मी समजावत बसायचो. आता सोडून दिलं. कुणी काहीही म्हणालं की मी म्हणतो, हो. गॅस? हो. मिलिटरी? हो. माणूस खूश, मी खूश, चहा गरम.

माझं म्हणणं असं की त्या माणसाला माहिती नकोच असते. त्याला दोन शब्द बोलायचे असतात. रॉकेल म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याच्या मळ्यातलं इंजिन असतं, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचे तसलं. त्याला चारचौघांत "नाही काका, चुकलात" म्हणून मला काय मिळणार? मावसभावाच्या मते हे सरळसरळ खोटं बोलणं आहे. तुम्ही सांगा.

नोझल (पारोळा)

दादा, हो तुम्ही म्हणता आणि निस्तरतो आम्ही. मी पंपावर कामाला आहे. हायवेवर दुचाकी आली की हात आपोआप पेट्रोलच्या नोझलकडे जातो. आमच्याकडे एक जण काकांची असलीच गाडी घेऊन आला होता. मी विचारलं, "पेट्रोल ना?" तो फोनवर, मान हलवली. टाकलं. दोन किलोमीटरवर गाडी बंद. मग टाकी खोल, लाईन धू, आणि शिव्या कुणाला? मला.

डिझेल इंजिनात इंधन फवारणारा पंप आणि नोझल डिझेलच्याच तेलकटपणावर चालतात. पेट्रोल गेलं की घासायला सुरुवात होते. गावभर "हो हो, पेट्रोलवर पण चालते" असं पसरवाल तर घरातल्याच एखाद्या पोराच्या डोक्यात ते बसेल.

तापीकाठचा

पंपावर मी स्वतः उतरून "डिझेल" असं मोठ्यानं सांगतो. तिथं थट्टा नाही. तरी निम्मे जण म्हणतात, "कॅन आणा, डिझेल कॅनमध्ये घ्या." गाडीत टाका म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

पाना_चौदाचा (चाळीसगाव)

गॅरेज आहे माझं, म्हणून जरा कडक लिहितो. राग नको.

तुमच्या 'हो'चा प्रवास कुठवर जातो ते तुम्हाला दिसत नाही. माझ्याकडे पोरं येतात. जुनी बुलेट, काका भंगारात काढायला निघालेले, आणि वर एक पंपाचं इंजिन टेम्पोत टाकून आणलेलं. "हे हिच्यात बसवा." का? "तिकडं एकानं बसवलंय, तो स्वतः म्हणाला." तो एकजण तुमच्यासारखाच कुणीतरी असतो, चहाच्या टपरीवर हो म्हणून मोकळा झालेला.

टॉरस कारखान्यातून तशी आली, तिच्या आरसी बुकावर इंधन डिझेल आणि इंजिन नंबर तिचाच. पोरांनी घरी बसवलेल्या इंजिनाचं तसं नसतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही. परवानगीशिवाय इंजिन बदललं तर आरसी आणि गाडी जुळत नाही, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. कायदा बाजूला ठेवा. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन ज्या धक्क्यानं हादरतं त्यात फाउंडेशनचे बोल्ट सैल होतात, माउंटिंगची पट्टी चिरते. हे मी वेल्डिंग करून करून शिकलोय.

समजावायला वेळ जातो म्हणता, तेही पटत नाही. बोलायचंच कशाला? खाली वाकून दाखवा. पेट्रोलच्या गाडीला असतो तो स्पार्क प्लग शोधा म्हणावं, नाही. कार्बोरेटर शोधा, नाही. किक मारण्याआधी डिकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, दांडी ओढून दाखवा. ती न ओढता किक मारायला दिली तर पैलवानाचा पायसुद्धा माघारी येतो. अर्ध्या मिनिटात माणूस आपणच म्हणतो, "आयला, डिझेल आहे!" त्याचा पाणउतारा होत नाही आणि तुम्हाला खोटं बोलावं लागत नाही.

सातपुड्याखाली (शहादा)

पाना भाऊ, तुम्ही दुकानात बसून बोलता. रस्त्यावर राहून बघा. मे महिन्यात जळगावला पंचेचाळीस अंश, डोक्यात हेल्मेट, आणि समोरचा म्हणतोय "जरा चालू करून दाखवा ना". त्यात दुसरा मोबाईल काढून व्हिडिओ करतोय. माझी गाडी तर काही दुर्मीळही नाही, जुनी राजदूत ३५०. तिचं वेगळंच दुखणं. टाकीवर राजदूत लिहिलंय, मग प्रत्येक जण म्हणतो, "आमच्या दूधवाल्याकडं होती." अहो, दूधवाल्याकडं १७५ होती! ही यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून बनवली, दोन सिलिंडर, सहा गिअर. दूधवाल्यानं घेतली असती तर सगळं दूध पेट्रोल पिऊन गेलं असतं. हे किती जणांना सांगू? मीही मान हलवतो. "हो, दूधवाल्याचीच."

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार बघा. घोड्याभोवती उभे असलेल्यांतले दहाजणांत नऊ घेणारे नसतात. दात बघतात, वय सांगतात, जात सांगतात, पुढे जातात. मालक कुणाला दुरुस्त करतो का? बघ्यांचं बघ्यांपाशी.

पाना_चौदाचा

आणि दहावा घेणारा असतो, त्याचं काय? घोड्याचं वय खोटं सांगणाऱ्या मालकाकडं लोक पुढच्या यात्रेला जात नाहीत.

निवृत्त_लोको (भुसावळ)

तापीकाठच्या भाऊंनी रॉकेल, मिलिटरी आणि पाण्याचं इंजिन सगळं एकाच पोत्यात भरलं, हे मला खटकलं. "पाण्याचं इंजिन बसवलंय" म्हणणारा शेतकरी फारसा चुकलेला नाही. ग्रीव्ज-लोम्बार्डिनी घराण्याची इंजिनं पंपाला होती, जनरेटरला होती, तीनचाकी रिक्षांना होती. त्यानं कानानं ओळखलं. उभं आयुष्य विहिरीवर तो आवाज ऐकला त्यानं. ज्याला आपण चुकीचा अंदाज म्हणतोय तो निम्मा बरोबर आहे, आणि तुम्ही वरवर "हो" म्हणून त्याचं बरोबर असणंही वाया घालवता. त्याला सांगा ना: "कान पक्का आहे तुमचा, पण हे कंपनीनंच बसवलेलं."

मी डिझेल लोकोवर आयुष्य काढलं, म्हणून मला असल्या गाडीचं कौतुक. एकदा यावल रस्त्याला एक म्हातारेबाबा आपल्या नातवाला म्हणाले, "हाई डिझेलवर चालस, भो. आवाज ऐक." लांबून, गाडी न बघता. त्यांच्यापुढं तुमचा "हो" म्हणजे काय?

आणि ही गाडी निघाली का, तेही लोकांना सांगण्यासारखं आहे. तेव्हा डिझेल पेट्रोलच्या निम्म्याहून कमी भावात मिळायचं, कारण सरकार भाव दाबून ठेवायचं. लिटरला सत्तर आणि भाव निम्मा, केळीच्या मळ्यात रोज ये-जा करणाऱ्याला याहून काय पाहिजे? वेग कुणाला हवा होता. नंतर धुराचे नियम कडक झाले, कंपनीनं गाडी काढणं बंद केलं. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचा भावही मोकळा सोडला. आज कुणी नवी काढली तरी हिशेब बसणार नाही.

तापीकाठचा

अण्णा, हे पटलं. पाण्याच्या इंजिनवाल्याला इथून पुढं खरं सांगेन. बाकीच्यांना मात्र माझा 'हो' कायम. गॅस किटवाल्याचा कान पक्का नाही, त्याला फक्त बोलायचंय.

येझदीवाली (धुळे)

इथं सगळे दादा-अण्णा गाडी कोणती यावर भांडताय. माझ्याकडं येझदी आहे, वडिलांनी घेतलेली, मी कॉलेजपासून चालवते. माझ्याजवळ थांबणाऱ्यांतला क्वचितच कुणी गाडीचा अंदाज करतो. अंदाज माझा होतो. "भावाची का?" "मिस्टरांची?" "गॅरेजला नेताय?" पारोळा रोडला एक जण तर "ढकलू का?" विचारून मागून हात लावायलाच आला, गाडी बंद पडली नव्हती, मी फोन बघायला थांबले होते.

यावर 'हो' म्हणून बघा. एकदा म्हटलं की गाडी भावाची झाली. मी साफ सांगते, माझी आहे. मग पुढचा प्रश्न, "किक बसते का तुम्हाला?" त्यावर मी बोलत नाही, जावा-येझदीची किकची दांडी तीच गिअरची दांडी असते, ती मागं ओढून किक मारते आणि पुढं ढकलून गिअर टाकते. समोरच्याला किक कुठं गेली तेच कळत नाही. यात मजा येते, खोटं का सांगू.

आणि हो, गाडीबद्दलही अंदाज होतातच. दोन सायलेन्सर बघून "डबल सिलिंडर" म्हणणारे ढीगभर आहेत. सिलिंडर एकच, सायलेन्सर दोन. पैज लावणारेही भेटलेत. प्लगची वायर मोजा म्हणते. २०२२ ला नवी येझदी बाजारात आल्यापासून कॉलेजची पोरं "नवं मॉडेल का?" विचारतात. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झालाय, रे बाळांनो! पण ती विचारतात तरी. विचारणाऱ्याला सांगायला मला कधीच जड गेलं नाही.

तापीकाठचा

ताई, तुमचं वेगळं आहे. तिथं 'हो' म्हणणं बरोबर नाहीच.

येझदीवाली

वेगळं कसं? तुम्ही 'हो' म्हणालात तरी गाडी तुमचीच राहते, म्हणून तुम्हाला परवडतं. तुमची गाडी मिलिटरीची म्हणाले तर तुमचा भाव उलट वाढतो.

सातपुड्याखाली

हे मात्र खरं. मला आजवर कुणी "वहिनींची का?" विचारलेलं नाही.

नोझल

मुद्दा भलतीकडं चाललाय, पण एक सांगतो. टाकीच्या झाकणावर ठळक अक्षरात 'डिझेल' लिहा. जीप-ट्रॅक्टरला लिहितात तसं. निम्मी भानगड तिथंच संपेल.

तापीकाठचा

लिहिलंय. पिवळ्या रंगात. लोक म्हणतात, "शायनिंगसाठी लिहिलंय, आत पेट्रोलच आहे."

पाना_चौदाचा

तर मग तुमची गाडी विश्वासाच्या पलीकडं गेली. पण माझं म्हणणं मागं घेत नाही. ज्यानं झाकणावर 'डिझेल' लिहिलं, त्यानंच टपरीवर "हो, गॅस" म्हणायचं, मग लोक झाकणावरचं का मानतील? बेरीज तुम्हीच बिघडवताय.

निवृत्त_लोको

एक उपाय सुचवतो. सांगूही नका, हो-ही म्हणू नका. उलट विचारा. रॉकेल म्हणणाऱ्याला विचारा, तुमच्या मळ्यात कोणतं इंजिन होतं? मिलिटरीवाल्याला विचारा, घरात फौजेत कोण होतं? त्याला बोलायचंच आहे ना, मग त्याच्या घरचं बोलू द्या. खोटंही नाही आणि पाणउताराही नाही. इंजिनाचा विषय तो आपणच विसरतो.

तापीकाठचा

हे करून बघतो, अण्णा. चहा गार होणार, एवढं नक्की.

येझदीवाली

अण्णा, उपाय चांगला. पण "भावाची का?" म्हणणाऱ्याला मी उलट काय विचारू? "तुमची कुणाची, सासऱ्यांची?" विचारलं होतं एकदा, शिरपूर फाट्याला. हुंड्यात मिळालेली होती. खरंच.